पोलिसाची गोळी आणि वॉशिंग्टनचा तपास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पोलिसाच्या गोळीने कुणी दगावलं की थोड्याच दिवसांत एक ठरलेली बातमी येते: ‘एफबीआयने नागरी हक्कांच्या अंगाने तपास सुरू केला.’ ती वाचून इकडे बसलेल्या आपल्याला वाटतं, प्रकरण वरच्या हातात गेलं, आता काही तरी होईल. बहुतेक वेळा काही होत नाही. का होत नाही, आणि कधीमधी होतं ते कशामुळे, याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

पोलीस तर शहराचे किंवा काउंटीचे (जिल्ह्याचे). मग केंद्र सरकारचा संबंध येतो कुठे?

अमेरिकेत पोलीस हा केंद्राचा विषय नाही. तिथे सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस खाती आहेत: शहरांची, काउंटीच्या पोलीसप्रमुखांची म्हणजे शेरीफांची, राज्यांची, अगदी विद्यापीठांचीसुद्धा. वॉशिंग्टनमधून त्यांना हुकूम सुटत नाही, बदल्या होत नाहीत, निलंबनही होत नाही. खून हा गुन्हाही मुळात राज्याच्या कायद्यातला. शिकागोच्या पोलिसाने कुणाला ठार मारलं, तर खुनाचा खटला इलिनॉय राज्याच्या कायद्याखाली काउंटीचा सरकारी वकील चालवतो.

केंद्राला वाट मिळाली ती यादवी युद्धानंतर. १८६८ साली राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कोणतंही राज्य कुणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावणार नाही, असं तिने सांगितलं आणि हे अमलात आणण्यासाठी कायदे करायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला. दक्षिणेतला शेरीफ आणि तिथली ज्युरी नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसाला न्याय देणार नाहीत, हे तेव्हाच्या खासदारांना पक्कं ठाऊक होतं. आज वापरात असलेल्या कायद्याचं मूळ १८६६ च्या नागरी हक्क कायद्यात आहे.

म्हणून केंद्राचा खटला ‘तू माणूस मारलास’ असा नसतो. ‘सरकारी अधिकार वापरून तू त्याचा घटनात्मक हक्क हिरावलास’ असा असतो. हा फरक कागदी वाटतो, पण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

तो कायदा नेमका कोणता?

केंद्रीय दंडसंहितेचं कलम २४२. कायद्याने मिळालेल्या अधिकाराच्या आडून जो कुणी एखाद्या व्यक्तीचा घटनात्मक हक्क मुद्दाम हिरावून घेईल, तो गुन्हेगार. शिक्षा एरवी एक वर्षापर्यंत. दुखापत झाली किंवा शस्त्र वापरलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. मृत्यू झाला असेल तर जन्मठेप, आणि कागदोपत्री फाशीसुद्धा. कट करून हक्क हिरावले असतील तर सोबतीला कलम २४१ येतं. खोटा अहवाल लिहिला किंवा तपासात थाप मारली तर त्याची कलमं वेगळी, आणि बऱ्याचदा आरोपी सापडतो तो त्यांतच.

‘मुद्दाम’ हे सिद्ध करणं इतकं अवघड का?

यासाठी १९४३ सालच्या जॉर्जियात जावं लागतं. बेकर काउंटीचा शेरीफ होता क्लॉड स्क्रूज. त्याने दोन साथीदार घेऊन रात्री उशिरा रॉबर्ट हॉल या काळ्या तरुणाला टायर चोरल्याच्या आरोपावरून घरातून उचललं. न्यूटन गावच्या कोर्टाच्या आवारात गाडी थांबली. हॉलच्या हातात बेड्या होत्या. तिघांनी त्याला बुक्क्यांनी आणि दोन पौंड वजनाच्या लोखंडी दंडुक्याने पंधरा मिनिटं ते अर्धा तास मारलं, मग पाय धरून फरफटत तुरुंगात नेलं. त्याच रात्री तो गेला.

जॉर्जिया राज्याने खटला भरला नाही. केंद्राने भरला आणि ज्युरीने स्क्रूजला दोषी ठरवलं. मात्र १९४५ साली सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. न्यायमूर्ती डग्लस यांचं म्हणणं असं, की घटनात्मक हक्क हा शब्द फार पसरट आहे, कोणत्या कृत्याने गुन्हा होईल हे अधिकाऱ्याला आधी कळायला हवं. त्यामुळे आरोपीने नुसतं मारलं एवढं पुरेसं नाही. तो विशिष्ट हक्क हिरावण्याचा, किंवा त्याची बेपर्वा पायमल्ली करण्याचा, त्याचा हेतू होता हे सिद्ध झालं पाहिजे. कायदा टिकला खरा, पण त्याचे दात तिथेच बोथट झाले. फेरखटल्यात स्क्रूज सुटला आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडूनही गेला.

ही कसोटी आजही तशीच आहे. काँग्रेसला एक शब्द बदलून ती सैल करता येईल. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर २०२० आणि २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात तसा बदल होताही. सिनेटमध्ये ते अडलं ते अडलंच.

म्हणजे घाबरून किंवा चुकून गोळी सुटली, तर केंद्रीय गुन्हा नाही?

नाही. घबराट, गैरसमज, निष्काळजीपणा, वाईट प्रशिक्षण, यांतलं काहीही कलम २४२ ला पुरत नाही.

इथे दोन पायऱ्या आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची हमखास सरमिसळ होते. पहिली: गोळीबार घटनाबाह्य होता का? १९८५ च्या गार्नर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पळणाऱ्या संशयितापासून कुणाच्या जिवाला गंभीर धोका नसेल तर त्याला गोळी घालता येणार नाही. मेम्फिसमध्ये कुंपणावर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या नि:शस्त्र मुलाच्या मृत्यूवरून हा निकाल आला. १९८९ च्या ग्रॅहम निकालाने ठरवलं, की बळाचा वापर रास्त होता की नाही हे त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या पोलिसाच्या नजरेतून बघायचं, नंतर शांतपणे बसून नाही. मे २०२५ मध्ये बार्न्स खटल्यात कोर्टाने एकमताने थोडी दुरुस्ती केली: फक्त शेवटचे दोन सेकंद न बघता त्याआधी काय घडलं तेही बघा.

ही पायरी ओलांडली की दुसरी: हे चुकीचं आहे हे कळत असूनही त्याने ते केलं का?

क्लीव्हलंडमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये बारा वर्षांचा टमिर राइस उद्यानात खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी झाडली गेली. केंद्रीय तपास सहा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, खटला न भरता बंद झाला. कारण दिलं ते पुराव्याचं: व्हिडिओ दुरून घेतलेला, अस्पष्ट. पोरगं कमरेकडे हात नेत होतं असं आम्हाला वाटलं, हा पोलिसांचा दावा खोडून काढण्याइतकं हाती काही नव्हतं. गोळीबार योग्य होता असं न्यायखात्याने म्हटलं नाही. खटला जिंकता येणार नाही एवढंच म्हटलं. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारखंच.

वंशद्वेष होता हे दाखवावं लागतं का?

लागत नाही. हा सगळ्यात जास्त आढळणारा गैरसमज. ‘नागरी हक्क’ म्हटलं की गोरा पोलीस आणि काळा बळी असंच चित्र डोळ्यांपुढे येतं, पण कलम २४२ खाली पोलीस कोणत्याही वर्णाचा असो, बळीही कोणत्याही वर्णाचा असो. मुद्दा अधिकाराच्या गैरवापराचा.

राज्याच्या कोर्टात सुटलेल्या पोलिसावर केंद्र पुन्हा खटला कसा भरतं? एकाच गुन्ह्यासाठी दोनदा?

अमेरिकी कायद्याच्या नजरेत राज्य आणि केंद्र ही दोन वेगळी सार्वभौम सरकारं आहेत. एकाच कृत्याने दोघांचे कायदे मोडले तर दोन गुन्हे झाले. २०१९ च्या गॅम्बल निकालात सुप्रीम कोर्टाने हे तत्त्व पुन्हा उचलून धरलं. आपल्या घटनेच्या कलम २०(२) ची सवय असलेल्या वाचकाला हे खटकणारच.

सगळ्यांना आठवणारं उदाहरण रॉडनी किंगचं. लॉस एंजेलिस पोलिसांनी त्याला १९९१ मध्ये केलेल्या मारहाणीचा व्हिडिओ जगाने पाहिला, तरी एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने पोलिसांना सोडलं. लॉस एंजेलिस पेटलं, साठाहून अधिक माणसं मेली. केंद्राने त्याच चौघांवर खटला भरला आणि एप्रिल १९९३ मध्ये दोघे दोषी ठरले. प्रत्येकी तीस महिने.

गोळीबारातलं ठळक उदाहरण म्हणजे वॉल्टर स्कॉट. ४ एप्रिल २०१५, साउथ कॅरोलायनातलं नॉर्थ चार्ल्सटन. गाडीचा ब्रेकलाइट बंद म्हणून मायकल स्लेगर या पोलिसाने स्कॉटला थांबवलं. स्कॉट पळाला. स्लेगरने मागून आठ गोळ्या झाडल्या. नंतर त्याने सांगितलं, की स्कॉटने माझा टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) हिसकावला होता. पण कामावर निघालेल्या एका वाटसरूने हे फोनवर टिपलं होतं: पाठमोरा पळणारा माणूस, गोळ्या, आणि मग पोलीस मृतदेहाजवळ काही तरी टाकतो आहे. एवढं असूनही राज्याच्या खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. शेवटी स्लेगरने मे २०१७ मध्ये केंद्रीय आरोप कबूल केला आणि वीस वर्षांची शिक्षा घेतली. हेतू सिद्ध करायला पुरावा कसा लागतो त्याचा हा नमुना: गोळ्या, आणि वर गोळ्यांविषयीचं खोटं.

दुसरा खटला भरायला न्यायखात्याचं स्वतःचंही अंतर्गत धोरण आडवं येतं. केंद्राचं ठोस हित असावं, पहिल्या खटल्याने ते राखलं गेलेलं नसावं, आणि शिक्षा होण्याइतका पुरावा असावा. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांची मंजुरीही लागते. राज्यात दोषी ठरूनही केंद्र कधी येतं. फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा रोवणाऱ्या डेरेक शॉव्हिन या पोलिसाला राज्याने साडेबावीस वर्षं आणि केंद्राने एकवीस वर्षं दिली, दोन्ही एकाच वेळी भोगायच्या. गळा न दाबणारे, पण फ्लॉइड यांना वैद्यकीय मदत न देणारे बाकीचे तीन पोलीसही केंद्रीय कोर्टात दोषी ठरले.

गोळी कुणालाच लागली नसेल तर?

तरीही गुन्हा होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये लुइव्हिलला ब्रिओना टेलर हिच्या घरावर मध्यरात्री छापा पडला आणि दुसऱ्या पोलिसांच्या गोळ्यांनी तिचा बळी गेला. ब्रेट हँकिसन या पोलिसाने पडदे ओढलेल्या खिडकीतून आणि काचेच्या दारातून दहा गोळ्या झाडल्या. त्यांतली एकही कुणाला लागली नाही. राज्याच्या कोर्टात तो सुटला, पहिल्या केंद्रीय खटल्यात ज्युरी अडली (एकमत झालं नाही), दुसऱ्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, टेलरचा हक्क हिरावल्याबद्दल तो दोषी ठरला. शिक्षा ठरेपर्यंत वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं. जुलै २०२५ मध्ये न्यायखात्यानेच त्याला एका दिवसाची शिक्षा मागितली. होय, एका दिवसाची. न्यायाधीशांनी तेहेतीस महिने दिले.

‘तपास सुरू केला’ म्हणजे प्रत्यक्षात कोण काय करतं?

एफबीआयचं स्थानिक कार्यालय पुरावा गोळा करतं. खटला भरायचा की नाही हे त्या जिल्ह्याचा यूएस अॅटर्नी (केंद्राचा सरकारी वकील) आणि न्यायखात्याचा नागरी हक्क विभाग ठरवतात. हा विभाग १९५७ साली स्थापन झाला. मोठा आरोप ठेवायचा तर ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे, जावं लागतं. तिचं कामकाज गुप्त, म्हणून महिनोन्महिने बाहेर काहीच कळत नाही.

बहुतांश वेळा केंद्र आधी राज्याचं काय होतं याची वाट बघतं. मधल्या काळात एक खोच असते. खात्याने चौकशीत पोलिसाला ‘बोल, नाही तर नोकरी जाईल’ असं म्हणून जबाब घेतला, तर १९६७ च्या गॅरिटी निकालानुसार तो जबाब त्याच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. त्यामुळे केंद्राचे वकील असे कागद वाचायचंही टाळतात. एक डाग लागला की खटला जातो.

वकिलांच्या चुकीने खटला कसा जातो ते न्यू ऑर्लिन्समध्ये दिसलं. कतरिना वादळानंतर सहाव्या दिवशी, ४ सप्टेंबर २००५ ला, डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. दोन ठार, चार जखमी. मग बंदूक पेरली, साक्षीदार रचले. राज्याचा खटला २००८ मध्ये कोलमडला. केंद्राने हात घातला, २०११ मध्ये पाच जण दोषी ठरले, काहींना कित्येक दशकांची शिक्षा झाली. आणि मग उघड झालं, की केंद्राच्याच कार्यालयातले वरिष्ठ वकील स्थानिक वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर टोपणनावाने या प्रकरणावर शेरे मारत होते. न्यायाधीशांनी फेरखटल्याचा आदेश दिला. २०१६ मध्ये आरोपींनी गुन्हा कबूल केला खरा, पण शिक्षा तीन ते बारा वर्षांवर आली.

हे आपल्या सीबीआयसारखंच आहे का?

वरवर. सीबीआयला राज्यात तपास करायला १९४६ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि दोन वर्षांनी परत दिली. हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तर संमतीची गरज नाही. एफबीआयला गव्हर्नरची परवानगी लागतच नाही, कारण ती राज्याचा गुन्हा तपासत नसते, केंद्राचा तपासते.

चकमकीतल्या मृत्यूंबद्दल आपल्याकडे जे नियम आहेत ते सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये, मुंबईतल्या चकमकींवरून आलेल्या पीयूसीएल (नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात घालून दिले: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा. प्रत्येक मृत्यूची अशी आपोआप चौकशी अमेरिकेत केंद्राच्या पातळीवर होत नाही. वॉशिंग्टन पोस्टने २०२४ पर्यंत ठेवलेल्या नोंदींप्रमाणे तिथे पोलिसांच्या गोळीने वर्षाला सुमारे हजार माणसं मरत होती. एफबीआयने २०१९ मध्ये सुरू केलेली बळवापराची नोंदणी खात्यांना ऐच्छिक आहे. म्हणजे सरकारी आकड्याआधी वृत्तपत्राचा आकडा. हे मला अजूनही अजब वाटतं.

एका पोलिसाला सोडून सगळ्या खात्यावरच कारवाई होते का?

होते, आणि माझ्या मते केंद्राच्या हातातलं जास्त कामाचं हत्यार हेच. रॉडनी किंग प्रकरणानंतर १९९४ च्या गुन्हे कायद्यात तरतूद झाली, की एखाद्या पोलीस खात्यात हक्क तुडवण्याचा परिपाठच पडला असेल तर न्यायखातं दिवाणी दावा लावू शकतं. इथे कुणाचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. दाव्यातून बहुधा ‘कन्सेंट डिक्री’ निघते: शहर आणि केंद्र यांच्यातला, न्यायाधीशांच्या देखरेखीखालचा सुधारणा करार. पहिला १९९७ मध्ये पिट्सबर्गचा. लॉस एंजेलिसचा २००१ पासून २०१३ पर्यंत चालला.

दोन्ही वाटांमधला फरक मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसनमध्ये एकाच दिवशी दिसला. तिथे पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन या काळ्या तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर न्यायखात्याने ४ मार्च २०१५ रोजी दोन अहवाल काढले. एकात म्हटलं, गोळी झाडणाऱ्या डॅरेन विल्सन या पोलिसावर खटला भरण्याजोगा पुरावा नाही. दुसऱ्यात अख्ख्या खात्याचं वाभाडं काढलं: गावात काळी वस्ती ६७ टक्के, पण अटका त्यांच्या ९३ टक्के. दंडाच्या पावत्या फाडून तिजोरी भरणं हेच पोलिसांचं काम होऊन बसलेलं.

सरकार बदललं की काय बदलतं?

कलम २४२ तेच राहतं. खात्यांवरच्या कारवाईचं मात्र वारं फिरतं. २०१८ मध्ये न्यायखात्याचे तेव्हाचे प्रमुख जेफ सेशन्स यांनी कन्सेंट डिक्रींवर बंधनं आणली, २०२१ मध्ये पुढच्या सरकारातले प्रमुख मेरिक गारलँड यांनी ती उठवली. मे २०२५ मध्ये न्यायखात्याने लुइव्हिल आणि मिनिआपोलिसवरचे दावे मागे घ्यायचं ठरवलं, फिनिक्स, मेम्फिस, ओक्लाहोमा सिटी वगैरे ठिकाणचे जुने निष्कर्षही मागे घेतले. तेव्हा नागरी हक्क विभागाच्या प्रमुख होत्या चंडीगडला जन्मलेल्या हरमीत ढिल्लन. मिनिआपोलिसमध्ये मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क खात्याचा स्वतंत्र करार असल्यामुळे तिथल्या सुधारणा केंद्रावर अवलंबून राहिल्या नाहीत.

गोळी झाडणारा केंद्राचाच अधिकारी असेल तर?

कलम २४२ त्यालाही लागू. फक्त तेव्हा तपास करणारे आणि तपासले जाणारे एकाच सरकारचे नोकर असतात, आणि राज्याने खटला भरला तर तो अधिकारी केंद्रीय कर्तव्य बजावत होतो असं म्हणून केंद्रीय कोर्टात संरक्षण मागू शकतो.

केंद्राने नकार दिला की कुटुंबाच्या हाती काय उरतं?

स्वतःचा दिवाणी दावा. १८७१ च्या कायद्यातून आलेल्या कलम १९८३ खाली पोलिसाविरुद्ध भरपाई मागता येते, आणि खात्याच्या धोरणामुळे किंवा रूढ पद्धतीमुळे घडलं असेल तर शहराविरुद्धही. ‘मुद्दाम’चा अडसर इथे नाही. अडसर आहे तो पोलिसांना मिळणाऱ्या कायदेशीर कवचाचा: अगदी अशाच परिस्थितीत हे चूक आहे असं आधीच्या निकालांनी स्पष्ट केलेलं नसेल, तर दावा फेटाळला जातो.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत व्हिसावर आहे. हे हक्क फक्त तिथल्या नागरिकांना का?

नाही. चौदावी दुरुस्ती आणि कलम २४२ दोन्हीकडे ‘व्यक्ती’ म्हटलंय. विद्यार्थी, एच-वन-बीवाले, नातवंडं सांभाळायला गेलेले आजी-आजोबा, कागद नसलेलेसुद्धा, सगळे त्यात आले.

गुजरातहून असेच मुलाकडे गेलेले एक ५७ वर्षांचे गृहस्थ फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात सकाळी पदपथावर फिरत होते. शेजाऱ्याने संशयित म्हणून फोन केला. इंग्रजी येत नसल्याने पोलिसांचं बोलणं त्यांना कळेना, आणि एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून पाय आडवा घालत त्यांना तोंडावर आपटलं. मणक्याला मार बसून लकवा आला. सगळं गाडीच्या कॅमेऱ्यात होतं. केंद्राने महिन्या-दीड महिन्यात आरोप ठेवले. दोनदा ज्युरी अडली, आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनीच आरोपीला मुक्त केलं.

तक्रार कुठे आणि कधीपर्यंत?

न्यायखात्याच्या नागरी हक्क विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एफबीआयच्या जवळच्या कार्यालयात. वकील लागत नाही. परदेशी नागरिकाला अटक झाली असेल तर वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करायचा हक्क व्हिएन्ना कराराने दिला आहे, तो जरूर वापरा.

केंद्रीय फौजदारी खटल्याला मृत्यू झाला असेल तर मुदत नाही, एरवी पाच वर्षं. पण या लांब मुदतीवर विसंबू नका. राज्याच्या कायद्याखाली भरपाई मागायची तर आधी सरकारी कार्यालयाला नोटीस द्यावी लागते, आणि तिची मुदत कॅलिफोर्नियात सहा महिने आहे, न्यूयॉर्कमध्ये बहुतेक दाव्यांना नव्वद दिवस. केंद्राचा तपास चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.